आयटीआय फिटर झालो, एक तारखेपासून चाकणला पहिली नोकरी. काय काय सांभाळू?

जतचा_फिटर

नमस्कार. वय १८ वर्षं ३ महिने. दहावीनंतर आयटीआयला फिटर केला, दोन वर्षांचा. घरी चार एकर, त्यात दीड एकर डाळिंब, बाकी ज्वारी. बहीण अकरावीला आहे.

गावातल्या एका दादाच्या ओळखीने चाकणला महाळुंगेच्या बाजूला काम लागतंय. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात, प्रेस शॉप आहे, म्हणजे मशीनने पत्रा दाबून पार्ट पाडतात. कंपनीच्या पेरोलवर नाही, ठेकेदारामार्फत. हातात साडेचौदा हजार म्हणालेत, ओटी (ओव्हरटाइम) वेगळा. ठेकेदाराच्या माणसाने फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. दहावीची आणि आयटीआयची ओरिजिनल मार्कशीट आणायची, ती त्यांच्या ऑफिसात जमा राहणार. शूज आणि युनिफॉर्मचे अठराशे पहिल्याच दिवशी भरायचे. आणि बँक खातं तेच काढून देणार.

राहायची सोय दादाच्या रूमवर आहे, खराबवाडीत, पाच जणांत. मी त्या बाजूला याआधी एकदाच गेलोय, आजीबरोबर आळंदीला.

आमचे आयटीआयचे सर म्हणत होते आधी अप्रेंटिसशिप कर. पण त्यात पैसे कमी आणि घरी यंदा डाळिंबाला तेल्या लागलाय, त्यामुळे थांबता येत नाही. आईला दर महिन्याला किती पाठवू तेही ठरवता येईना.

अजून एक. मला पटकन बोलता येत नाही. कुणी आवाज चढवला की मी गप्प होतो. आयटीआयमध्ये लेथ आणि ड्रिल चालवलंय, प्रेस मात्र लांबूनच बघितलाय. कामावर पहिल्या दिवसात कसं वागायचं ते कुणी सांगेल का?

---

पेरोल_वाली

मी नऊ वर्षं कंपन्यांच्या एचआरमध्ये पगाराचं काम बघते, त्यामुळे फक्त कागदांचं सांगते.

ओरिजिनल मार्कशीट कुणाकडेही ठेवायची नाही. दाखवायची, त्यांना पडताळू द्यायची आणि त्याच टेबलावरून परत घ्यायची. झेरॉक्सवर सही करून दे आणि सहीखाली "फक्त नोकरीच्या पडताळणीसाठी" असं तारखेसकट लिही. ओरिजिनल अडकली की पुढची चांगली नोकरी आली तरी मुलं सोडून जाऊ शकत नाहीत. ती ठेवून घेण्यामागे बहुतेक वेळा हाच हेतू असतो.

सेफ्टी शूज, गॉगल, हातमोजे यांचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नसतात. युनिफॉर्मचे कापणार असतील तर पावती माग.

नेमणूकपत्र माग. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं बंधन आहे, ठेकेदाराच्या कामगारालासुद्धा. "हातात किती" एवढ्यावर थांबू नको, "ग्रॉस (कापण्याआधीचा पगार) किती आणि कशाकशाचे कापणार" हे विचार. पीएफचे १२ टक्के तुझे कापले की तेवढेच मालकानेही भरायचे असतात. ईएसआयचे (कामगार विम्याचे) तुझे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, ग्रॉस २१,००० पर्यंत असेल तर. व्यवसाय कराचे महिना २००, फेब्रुवारीत ३००. यापलीकडे "सर्व्हिस चार्ज", "जॉइनिंग फी" असं काही दिसलं तर ते कशाचं आहे ते लेखी विचार.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळाला पाहिजे. ओटीचा दर दुप्पट असतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, त्यामुळे गेटपास आणि पंचिंगचे फोटो जपून ठेव.

अप्रेंटिसशिपबद्दल: सर चुकीचं सांगत नाहीत. स्टायपेंड कमी असतो, पीएफ-ईएसआय नसतं, पण शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल १ च्या भरतीत रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा असतात. घरची गरज आहे म्हणून आत्ता नोकरी धर, पण अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून ठेव. वय तुझ्या बाजूने आहे.

---

भोसरीकर_काका

बाळा, कागदांचं ताईंनी सांगितलं, मी प्रेसचं सांगतो. थोडं लांबेल, पण सगळं वाच.

मी पारनेर तालुक्यातला. १९८८ साली, तुझ्याच वयाचा असताना, भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो. पगार साडेचारशे. पत्र्याच्या पट्टीतून ब्रॅकेट पाडायचे, पन्नास टनी मेकॅनिकल प्रेस, पायाचं पेडल. डाव्या हाताने पट्टी सरकवायची, पेडल दाबायचं, स्ट्रोक झाला, म्हणजे वरचा पंच खाली येऊन गेला, की उजव्या हाताने जॉब (पाडलेला पार्ट) काढायचा. एका शिफ्टला अडीच हजार स्ट्रोक. दुसऱ्या दिवसापर्यंत मला वाटायला लागलं की आपल्याला जमलं.

नवव्या दिवशी सकाळी प्रेसने डबल स्ट्रोक दिला. म्हणजे पेडल एकदाच दाबलं आणि पंच दोनदा खाली आला. हात तेव्हा बाहेर होता म्हणून काही झालं नाही. मी बघितलं, मला विचित्र वाटलं, आणि मी कुणालाच सांगितलं नाही. का, तर शेजारच्या मशीनवरचा माणूस पंधरा वर्षांचा जुना होता, त्याच्यासमोर मला अडाणी दिसायचं नव्हतं. शिवाय आदल्या दिवशी प्रॉडक्शन कमी पडलं म्हणून सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं होतं. मनात म्हटलं, आपलाच पाय पेडलवर राहिला असेल.

दुपारी जेवणानंतर डबल स्ट्रोक परत आला. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापासून गेली.

क्लचची की, म्हणजे फिरतं चाक शाफ्टला जोडणारी खुंटी, झिजली होती, हे नंतर कळलं. ती झिजली की क्लच वेळेवर सुटत नाही, फ्लायव्हील (ते जड फिरतं चाक) शाफ्टला आणखी एक फेरा ओढून नेतं. हे सकाळीच सांगितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मला बोटांपेक्षा त्या सकाळचंच वाईट वाटतं, अजूनही.

तू लिहिलंस ना की कुणी आवाज चढवला की गप्प होतोस. तेवढं एक वाक्य वाचून मी हे टाइप करायला बसलो.

मी पुढे याच धंद्यात राहिलो, प्रेस शॉपचा सुपरवायझर झालो, आता निवृत्त झालोय. हाताखाली जो नवा मुलगा यायचा त्याला पहिल्या दिवशी मशीन चालवायला द्यायचो नाही. दिवसभर फक्त बंद करायला लावायचो. लाल बटण कुठे, मेन स्विच कुठे, मोटर बंद केल्यावर फ्लायव्हील किती वेळ फिरत राहतं ते घड्याळ लावून मोजायला सांगायचो. चालू कसं करायचं हे तुला दहा जण शिकवतील. बंद कसं करायचं हे तुला स्वतःहून विचारावं लागेल.

आता प्रेस बदललेत. तुला बहुतेक दोन बटणांचा मिळेल. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय स्ट्रोक होत नाही, ही त्याची रचना. पुढे सेन्सरचा पडदा असतो, हात आत गेला की मशीन थांबतं. पण प्रॉडक्शनच्या घाईत कुणीतरी एका बटणात पट्टी खुपसून ते कायमचं दाबून ठेवतो, म्हणजे एक हात मोकळा राहतो. कुणी सेन्सर बायपास करतो. तुला म्हणतील, "सगळे असंच करतात, काही होत नाही." ते खरंही असतं, महिनोन्महिने काही होत नाही. तू मात्र अशा मशीनवर बसायचं नाही. जुनाच पेडलचा प्रेस दिला तर गार्ड आहे का बघ आणि जॉब काढायला चिमटा किंवा मॅग्नेट माग. डायमध्ये (पंचाखालच्या साच्यात) हात घालायचा नाही, स्क्रॅप अडकलं तरी नाही.

कसं सांगायचं तेही सांगतो, कारण तुला तेच अवघड जाणार. भांडायचं नाही, "मी करणार नाही" अशी सुरुवात करायची नाही. मशीन बंद करायचं, उठून उभं राहायचं आणि म्हणायचं, "सर, मशीनचा आवाज वेगळा येतोय, एकदा बघता का?" किंवा "सर, याचं एक बटण अडकलंय." उभं राहणं महत्त्वाचं. बसून सांगितलं तर "चालू दे" म्हणून पुढे जातात. उभ्या माणसापाशी थांबावं लागतं. हे वाक्य रूमवर मोठ्याने चार वेळा म्हणून बघ. लाज वाटेल, तरी म्हण.

ड्रिल किंवा लेथवर काम आलं तर हातमोजे घालायचे नाहीत. फिरत्या मशीनमध्ये मोजा अडकला तर अख्खा हात ओढून नेतो. पत्रा हाताळताना मात्र घालायचेच. मनगटातला धागा, कडं, अंगठी, गळ्यातला गमछा हे सगळं रूमवर राहू दे. धागा देवाचा असेल तर आईला आधी सांग, म्हणजे तिला फोटोत दिसला नाही तरी वाईट वाटणार नाही. चिप (धातूचा कीस) हाताने ओढायची नाही, हूक वापर. कपड्यावरची धूळ एअर गनने उडवायची नाही, शेजारचा उडवत असेल तरी.

नाईट शिफ्टला पहाटे तीन ते पाच सगळ्यात वाईट. माझ्या देखत झालेल्या अपघातांतले बरेच या दोन तासांतले आहेत. त्या वेळी उठून तोंड धुवून ये, पाच मिनिटांनी कंपनी बुडत नाही. पाच जणांच्या रूमवर तिघं जण दिवसा जागे असतील तर तुझी झोप होणार नाही. ज्यांची शिफ्ट तुझ्यासारखीच आहे अशांबरोबर जागा बघ, भाडं दोनशे जास्त पडलं तरी चालेल.

आणि ईएसआय. मला दुसऱ्याच दिवशी अकाउंटंटने बोलावून फॉर्म भरून घेतला होता. मी कंटाळून सही केली, कशावर करतोय ते वाचलंही नाही. त्या फॉर्ममुळे माझा दवाखाना झाला, बरा होईपर्यंत भत्ता मिळाला, मेडिकल बोर्डाने अपंगत्वाची टक्केवारी ठरवली आणि ती रक्कम अजूनही दर महिन्याला माझ्या खात्यात येते. आमच्याच गल्लीत दुसऱ्या वर्कशॉपमध्ये एका मुलाचं बोट गेलं तेव्हा त्याचा फॉर्म भरलेलाच नव्हता. दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला आणि विषय संपवला.

आजारपणाच्या भत्त्यासाठी ७८ दिवसांची वर्गणी लागते. कामावरच्या अपघाताला ती अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही त्यात धरतात. म्हणून पहिल्या आठवड्यातच ठेकेदाराकडून ईएसआयचा नंबर घे, कार्डाची प्रिंट खिशात ठेव आणि दादाला सांगून ठेव की काही झालं तर चिंचवडला मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. अपघात झाला तर तो कंपनीच्या रजिस्टरमध्ये लिहिला गेला की नाही ते बघायचं. "बाहेर पडला असं सांग, आम्ही खर्च करतो" असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही.

---

जतचा_फिटर

काका, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं, शेवटचं नाही दाखवलं.

एक विचारतो. मी उभा राहिलो, सांगितलं, आणि सुपरवायझर म्हणाला "चालव नाहीतर घरी जा", तर?

---

भोसरीकर_काका

तर घरी जा. मनापासून सांगतोय. साडेचौदा हजारांची नोकरी चाकणला परत मिळते, महिन्याभरात मिळते. फिटर आहेस, हातात ट्रेड आहे. पण शंभरातल्या नव्वद वेळा ती वेळ येत नाही. तो ओरडतो, मग मेंटेनन्सवाल्याला बोलावतो. त्यालाही माहीत असतं की सांगूनही चालवायला लावलं आणि हात गेला तर त्याला उत्तर द्यावं लागेल. सांगताना शेजारी कुणीतरी ऐकणारा असू दे. आणि खिशात छोटी डायरी ठेव, तारीख, मशीन नंबर, काय सांगितलं, कुणाला सांगितलं. रोज एक ओळ. त्याच डायरीत जॉबची मापं आणि डायची सेटिंगही लिहीत जा, सहा महिन्यांनी तुला सेटर (मशीनवर डाय बसवणारा) करताना तीच उपयोगी पडेल.

---

रांजणगावची_ताई

मी बारावीनंतर २०१५ ला रांजणगावला वायरिंग हार्नेसच्या लाईनवर लागले. वय अठरा. पैशांचं मी सांगते, कारण त्यात मी पोळलेय.

खातं ठेकेदार काढून देतो म्हणतोय ना, नको. आमच्या सहा मुलींची खाती अशीच काढली आणि एटीएम कार्डं त्याच्याच ड्रॉवरमध्ये. कागदावर पूर्ण पगार जमा व्हायचा, मग तो कार्डाने काही रक्कम काढून घ्यायचा आणि उरलेली आम्हाला रोख द्यायचा. तीन महिने आम्हाला वाटलं हीच पद्धत असते. शेवटी आम्ही सहाही जणी एकत्र बँकेत गेलो, जुनी कार्डं ब्लॉक केली, नवी घेतली, मोबाईल नंबर बदलून स्वतःचे लावले. एकटीने गेले असते तर धीर झाला नसता. तू जतलाच स्वतःचं खातं काढ, आई वारसदार, मोबाईल नंबर तुझा, आणि खाते क्रमांक नि आयएफएससी कोड ठेकेदाराला दे.

पीएफचं: तुझा यूएएन (पीएफचा नंबर) बारा आकडी असतो आणि तो आयुष्यभर एकच. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार नवा नंबर काढायला बघतो, त्याला सोपं पडतं म्हणून. माझे दोन झाले होते. शिवाय एकात वडिलांचं नाव अर्धवट, दुसऱ्यात जन्मतारीख चुकलेली. पैसे माझेच, पण काढायला गेले तर अर्ज परत. सगळं जुळवून घ्यायला दीड वर्ष गेलं. तू निघण्याआधी आधार, दहावीची मार्कशीट आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावाची अक्षरं नि तारीख ताडून बघ. आधारमध्ये चूक असेल तर आत्ताच तालुक्याला दुरुस्त कर, चाकणला गेल्यावर त्यासाठी सुट्टी मिळणार नाही. आणि ठेकेदार सहा-सात महिन्यांनी "ब्रेक" देतात, म्हणजे कामावरून कमी करतात, त्या वेळी पीएफ काढून टाकायचा मोह होतो. सगळी मुलं काढतात, मोबाईल घेतात. काढू नको, पुढच्या नोकरीत ट्रान्सफर कर. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते आणि दर वेळी काढत गेलास तर ती दहा वर्षं कधीच भरत नाहीत.

आता आईला किती पाठवायचं. मी पहिल्या पगाराला जोशात सगळे पाठवले, नऊशे ठेवले. बारा तारखेला संपले. मेसचे द्यायचे होते, घरी सांगायची लाज वाटली. एक आठवडा कॅन्टीनच्या एका जेवणावर काढला आणि लाईनवर चक्कर येऊन पडले. घरी कळल्यावर आई रडली ती वेगळीच. म्हणून पहिल्या महिन्याआधीच आईला आकडा सांग, आणि तो कमी सांग. पाच हजार म्हण. भाडं, मेस, गावी यायचं तिकीट, आणि हजारभर आजारपणाला बाजूला, एवढं धरून मग पाच निघतील. ओटीचे आले तर जास्त पाठव, पण ते कबूल करू नको. पहिला पगार झाला की बहिणीला काहीतरी घे, छोटं. मी माझ्या भावाला कंपास घेतला होता, तो अजून त्याच्याकडे आहे.

मी पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं, लाईनवर काम करत. रविवारी क्लास असायचे. तिसऱ्या वर्षाला असताना स्टोअरमध्ये बदली मिळाली, तिथून आता ऑफिसात आहे. तुला लगेच जमणार नाही, पहिलं वर्ष शरीरालाच सवय व्हायला जातं. दुसऱ्या वर्षी बघ.

आणि सुट्टीच्या दिवशी रूमवर पडून राहू नको. आळंदी तिथून जवळ आहे. आजीला घेऊन गेला होतास ना, एकदा एकटा जाऊन ये आणि तिला फोन लाव तिथून.

---

जतचा_फिटर

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहितो.

खातं काल जतला काढलं, आई वारसदार. आधारवर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकीची होती, दुरुस्तीला दिलंय, पावती घेतली. ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. आधी लिहून काढलं आणि मग वाचून दाखवलं. ओरिजिनल दाखवतो, ठेवणार नाही म्हटलं. तो म्हणाला "बघू". मी परत तेच वाक्य वाचलं. मग म्हणाला, "बरं, झेरॉक्स आण, सही करून." शूजचे पैसे कंपनी घेत नाही असं आता म्हणतोय, युनिफॉर्मचे पहिल्या पगारातून कापणार, पावती देणार. खातं स्वतःचं आहे म्हटल्यावर मात्र गप्प झाला. ईएसआयचं तिथे गेल्यावर विचारेन.

आईला पाच सांगितले. ती म्हणाली चार पाठव, तूप घेत जा.

मनगटातला धागा आईनेच सोडला आज सकाळी, देवाजवळ ठेवलाय. डायरी घेतली. परवा रात्रीच्या एसटीने निघतोय. काका, तुमचं वाक्य पाठ केलंय, शेतात जाऊन मोठ्याने म्हटलं. आणि पहिल्या दिवशी विचारणार आहे, "सर, हे मशीन बंद कुठून करायचं?"

---

भोसरीकर_काका

छान. त्यात एक वाढव. "बंद केल्यावर पूर्ण थांबायला किती वेळ लागतो?" बटण दाबलं तरी फ्लायव्हील फिरत असतं. ते थांबलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय डायजवळ हात न्यायचा नाही. पहिली शिफ्ट झाली की इथे लिही, मी वाट बघतोय.